दोन पाकिटं

कबनूरच्या अक्काताई पहिल्या एस.टी.नं आल्या, तेव्हा मी लिंगपूजेला बसले होते. इष्टलिंग तळहातावर असताना उठायचं नाही, बोलायचं नाही, हा माझा रोजचा नेम. दार नुसतं लोटलेलं होतं. त्या आत आल्या, देवळीपुढं टेकल्या आणि खुंटीला लावलेल्या दोन्ही पिशव्या त्यांनी खाली घेतल्या.

मी डोळ्यांनी नको नको म्हणत होते. त्यांचं लक्ष नव्हतं.

लाल पिशवीतलं पाकीट खरं होतं. सरकारी दवाखान्यांच्या चादरींचं टेंडर. पांढऱ्या पिशवीतलं पाकीट कोरं होतं, आत नुसते कोरे कागद. अक्काताईंनी दोन्ही बाहेर काढली, एकावर एक ठेवली, देवळीतली विभूती बोटांवर घेऊन दोन्हींवर तीन तीन पट्टे ओढले, हात जोडले आणि पाकिटं परत पिशव्यांत घातली. कुठलं कुठं, ते मला माझ्या जागेवरून दिसलं नाही. पूजा कशी उरकली, ते शिवालाच ठाऊक.

"अक्काताई, पाकिटं सांगून काढायची होती हो."

"अगं तंगी, देवाम्होरं ठेवल्याबिगर न्यायची व्हय?" त्या मला तंगीच म्हणत, धाकटी बहीण. "दोनी बी सारखीच दिसत्यात की."

सारखीच दिसत होती. मीच तशी केली होती.

उद्यमनगरातल्या एका खोलीत बसून मी लहान कारखानदारांची टेंडरं भरून देत असे. लेथवाले, फौंड्रीवाले, मागवाले. कागद जमवायचे, दर बसवून द्यायचे, कुठल्या अटीत माणूस अडकेल ते आधीच दाखवायचं. कागदात मी कधी हरले नाही. पण सत्त्याण्णव सालच्या त्या दिवसांत टेंडर कागदावर जिंकून भागत नसे, ते पेटीत पडायला लागे. पेटी कचेरीच्या वरच्या मजल्यावर, आणि जिन्यात मोठ्या कंत्राटदाराची माणसं. आदल्या वर्षी हातकणंगल्याच्या केरबानं शाळेच्या बाकांचं टेंडर टाकायला हात पुढं केला, तर जोतीराम नावाच्या माणसानं त्याची बोटं दारात चिमटली. केरबा अजून डाव्या हातानं जेवतो.

अक्काताईंचा मुलगा रुद्रेश स्वतः येणार होता. पण आठवड्यापूर्वी तीच माणसं कबनूरला त्याच्या मागांच्या शेडमध्ये गेली. मारहाण नाही, शिवीगाळ नाही. जोतीरामनं खिशातून ब्लेड काढलं आणि मागाच्या बीमवर, त्या लांब रुळावर, गुंडाळलेल्या सुतातून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. म्हणाला, "सूत लई बारीक हाय रं तुझं. जप." तेव्हापासून रुद्रेश घराबाहेर पडला नव्हता. सूत देणाऱ्या व्यापाऱ्यानं काम थांबवलेलं. ही चादरींची मागणी मिळाली नाही, तर माग तोडून भंगारात घालायचे, एवढंच उरलं होतं.

म्हणून दोन पाकिटं. मला जिन्यातले सगळे ओळखतात, मला अडवणारच. मी कोरं पाकीट घेऊन पुढं व्हायचं आणि ते हिसकावू द्यायचं. तेवढ्यात अक्काताईंनी मागच्या जिन्यानं जायचं. निराधारांच्या पगारासाठी, म्हणजे सरकारी पेन्शनीसाठी, म्हाताऱ्या तिथं रोज हेलपाटे घालतात, त्यांच्याकडं कोण बघतो? भाकरीच्या फडक्यातलं पाकीट काढून पेटीत टाकायचं.

मला ही युक्ती पहिल्यापासून बोचत होती. रोज तळहातावर लिंग घेऊन मी एकच मागते, आज तोंडून खोटं जाऊ देऊ नको. कोरं पाकीट म्हणजे न बोलता बोललेलं खोटंच की. त्याचीच ही शिक्षा, असं मला वाटायला लागलं.

"मग फोडून बघू," अक्काताई म्हणाल्या.

"झाकणाच्या सांध्यावर रुद्रेशची सही आहे, वर लाख आहे. फोडलं की बाद. तो कबनूरला. बाराला पेटी बंद."

"मग दोनी बी टाकते मी."

"एका नावाची दोन निघाली, तर दोन्ही बाद."

उजेडाकडं धरून पाहिलं. कापडी अस्तराचं खाकी पाकीट, आतलं काय दिसणार? हातात तोललं. खऱ्या पाकिटात चादरीचा नमुना होता, म्हणून कोऱ्या कागदांसोबतही तेवढाच तुकडा मीच घातला होता. विभूती ओल्या फडक्यानं पुसून काढली, कारण पाकिटावर कसलीही खूण चालत नाही. त्या नियमामुळंच मी साधा ठिपकासुद्धा दिला नव्हता.

शेवटी अक्काताईंनी डोळे मिटले आणि एक पाकीट उचललं. "हे माजं. आता शिव हाय आणि आपण हाय."

कचेरीच्या आवारात कंत्राटदाराची जीप लिंबाखाली उभी होती. मी पुढच्या जिन्याकडं वळले. वळणावर जोतीराम भिंतीला टेकून उभा. कपाळाला गंध, दाढी नुकतीच केलेली. कुणाच्या बारशाला आल्यासारखा.

"या पावणं. आज कुणाचं?"

मी पिशवी छातीशी धरली. ती धरायची असं ठरलंच होतं, पण ठरलेलं नसतं तरी धरलीच असती.

"मागवाल्याचं टेंडर हाय न्हवं ह्यात?"

मी खोटं बोलणार नव्हते. आणि खरं काय, ते मला कुठं माहीत होतं?

"मला ठाऊक नाही," मी म्हटलं.

तो हसला. वरच्या पायरीवरचे दोघं पण हसले. "ऐकलं का रं? टेंडरवाल्या बाईला पिशवीत काय हाय ठाव न्हाय!" त्यानं पिशवी ओढली. बंद तुटला. माझ्या मनगटाला त्याची बोटं लागली, गार होती. पाकीट काढून त्यानं लाखेवरून अंगठा फिरवला, हळूच, बीमवर ब्लेड फिरवताना फिरवला असेल तसा. "जावा वर. बाकावर बसून घ्या. घाम आलाय तुम्हास्नी."

मी वर पोचले. अक्काताई पेटीपासून लांबच्या बाकावर बसल्या होत्या. भाकरीचं फडकं मांडीवर सैल पडलेलं.

"टाकलं," त्या ओठांतच म्हणाल्या. "कुणी इचारलं बी न्हाय. एक शिपाई म्हणला, आज्जे, पगार खालच्या मजल्यावर. म्हटलं, व्हय रं बाबा."

आमच्या मागं खिडकी होती. खाली जोतीरामनं पाकीट जीपमध्ये दिलं. ही त्यांची रीत. हिसकावलेलं पाकीट मालकच फोडतो, दुसऱ्याचा दर काय होता ते बघायला. आत टेंडर निघालं, तर ते गालात हसतील आणि आमचं संपलं. म्हणजे पेटीत नुसते कोरे कागद आणि रुद्रेशची सही. कोरे निघाले, तर जोतीराम वर येईल, असं मी अक्काताईंना सांगितलं.

"ईल म्हंजे?"

"रागानं येईल, अक्काताई."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. दोघींनाही एकदमच उमगलं, की त्या माणसानं चिडून आमच्या अंगावर यावं, हेच आता आम्हाला मागायचं आहे. माझ्या साडीखाली छातीशी करडगी होती, इष्टलिंगाची चांदीची डबी. ती मुठीत धरून मी तेच मागितलं. दुसऱ्याच्या रागासाठी मी कधी हात जोडले नव्हते.

जीपमध्ये चहा गेला. जोतीराम बोनेटला टेकला. वर खिडकीकडं पाहून त्यानं मला हात केला, ओळखीच्या माणसाला करतात तसा. हसत होता.

"हसतोय गं," अक्काताई म्हणाल्या. "संपलं माझ्या पोराचं."

मग जीपच्या दारातून कागद बाहेर फेकले गेले. चिखलावर पसरले. पांढरे. टेंडरचे कागदही पांढरेच असतात. तेवढ्या उंचीवरून अक्षर दिसेना. जोतीराम वाकला, एक कागद उलटा करून पाहिला, दुसरा पाहिला. मग त्यानं मान वर केली. आता तो हसत नव्हता.

जिन्यावर पावलं वाजली. धावत येणारी.

मागितलं ते मिळालं होतं. अक्काताईंनी माझा हात धरला. कारकुनांनी माना खाली घातल्या. जोतीराम समोर येऊन थांबला. गंध घामानं ओघळलं होतं.

"कोरं हाय ते! माझ्यासंगं खेळतीस व्हय गं?" तो वाकला. तोंडाला चहाचा वास. "खरं कुठं हाय?"

जिन्यात मला ठाऊक नव्हतं. आता ठाऊक होतं. नाही म्हणता येत नव्हतं, गप्प बसायला त्याचे डोळे सोडत नव्हते.

"पेटीत," मी म्हटलं.

"काय? मोठ्यानं बोल!"

"पेटीत आहे."

त्यानं पेटीकडं पाहिलं. लोखंडी, भिंतीत खिळलेली. दोन ढांगांत तिच्याजवळ गेला आणि फटीत बोटं घातली, पण पेरापुढं ती जाईनात. आतून साहेबांचा आवाज आला, "कोण आहे रे तिकडे?" शिपाई किल्ल्यांचा जुडगा घेऊन आला. "सरका पावणं. बारा झाले." जोतीरामनं बोटं सावकाश बाहेर काढली. शिपायानं फटीवर पट्टी ओढून कुलूप लावलं.

तो खाली गेला नाही. समोरच्या बाकावर येऊन बसला, खिशात हात घालून. त्या खिशात काय असतं, ते मला माहीत होतं. तीनला पेटी उघडणार, आणि आमचं पाकीट मधल्यामध्ये गायब होऊ नये म्हणून आम्हाला तिथं हजर राहायलाच हवं होतं.

अक्काताईंनी फडकं सोडलं. भाकरी मोडून अर्धी माझ्या हातात दिली.

"खा तंगी," त्या म्हणाल्या, जोतीरामवरची नजर न काढता. "एस.टी. स्टँडापतोर चालायचं हाय अजून."