काळी पाच

बेबीचा आवाज पहिल्यांदा ओळखला तो कृष्णराव सरांनी. भंडाऱ्याच्या शाळेत ते संगीत शिकवायचे. कारध्याच्या बुधराम ढिवराची ही पोर प्रार्थनेला मागच्या रांगेत उभी राहून गायची. सरांनी तिला पुढे आणलं, शाळा सुटल्यावर पेटीसमोर बसवलं आणि चौथ्या काळ्या पट्टीवर बोट ठेवून सांगितलं, ‘‘तुझी पट्टी काळी चार. तिथून गायलीस की वरचा सा आपोआप लागतो. ही पट्टी सोडू नकोस.’’

१९७६ साली बेबी मॅट्रिक झाली. त्याच वर्षी भंडाऱ्याच्या कॉलेजनं संगीताची एक शिष्यवृत्ती जाहीर केली. ती मिळाली तर कॉलेज, नाही तर बापाबरोबर नदीवर जाळं, हे घरात कोणी बोललं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं. सरांनी तिच्याकडून भूप राग तयार करून घेतला. गावातल्या पुंडलिकरावांची मुलगी निर्मलाही त्यांच्याकडेच शिकत होती आणि तीही परीक्षेला बसणार होती. पुंडलिकरावांची कारध्यात मोठी धानाची शेती. कॉलेजच्या कमिटीवरही ते होते. सर त्यांच्याच घरातल्या एका खोलीत राहायचे, बिनभाड्यानं.

परीक्षेला नागपूरहून दोन परीक्षक आले. पेटीवर सगळ्यांच्या साथीला कृष्णराव सरच. निर्मला आधी गायली. नीट गायली, कुठे अडली नाही.

बेबी बसली. सरांनी सूर दिला आणि तिनं सा लावला, तेव्हाच तिला कळलं, सूर वर आहे. तिनं पेटीकडे पाहिलं. सरांचं बोट पुढच्या काळ्या पट्टीवर, काळी पाचवर होतं. विसरले असतील, असं वाटून तिनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ते भात्याकडे बघत होते.

‘सर, पट्टी’ एवढे दोनच शब्द बोलायचे होते. पण सरांना चूक दाखवायची हे तिला कधी सुचलंच नव्हतं. त्यांच्या मनात काही असेल, असं तिनं स्वतःला समजावलं आणि गात राहिली. खाली सगळं निभलं. अंतऱ्यात वरचा सा ताणून लागला, त्याच्या पुढे गंधारावर आवाज फाटला. तिनं पुन्हा घेतला, पुन्हा फाटला.

‘‘पुरे, बाळ,’’ एक परीक्षक मऊपणानं म्हणाले.

बुधराम बाहेर पायरीवर बसला होता. सर त्याच्याजवळ आले. ‘‘घसा बसला हिचा. रोज कमरेएवढ्या पाण्यात उभी राहते, मग आवाज टिकेल कसा?’’

पुलावरून घरी जाताना बुधराम मध्येच थांबला. मग म्हणाला, ‘‘मीच नेत होतो तुले पाण्यात. माह्यंच चुकलं.’’

‘‘घसा चांगला होता, बाबा.’’

‘‘मंग काय झालं?’’

बेबी चालत राहिली. ज्या माणसाला वाटेत पाहिलं की बाप हात जोडायचा, त्याच्याबद्दल काय सांगणार?

शिष्यवृत्ती निर्मलाला मिळाली. त्यानंतर बेबी सरांच्या खोलीवर गेली. दारातच उभी राहिली.

‘‘सर, मले काळी पाच काहून देली?’’

‘‘घाईत चूक झाली.’’

‘‘निर्मलाची तं बरोबर देली.’’

सर पेटी पुसत होते. फडकं थांबलं. ‘‘मी यांच्या घरात राहतो, बेबी.’’

‘‘त्यायनं सांगतलं तुमाले?’’

‘‘नाही. कोणी एक शब्द बोललं नाही.’’ त्यांचा आवाज खाली आला. ‘‘पण त्यांच्यावर सांगायची वेळ कशाला येऊ द्यायची? पुढच्या वर्षी बघू. सराव सोडू नकोस.’’

बेबी परत गेली आणि पुन्हा कधी पेटीसमोर बसली नाही.

वर्षाच्या आतच निर्मलाचं लग्न गोंदियाला ठरलं आणि तिचं कॉलेज सुटलं. कॉलेजनं शिष्यवृत्तीही बंद केली. निर्मलाच्या आईनं, गोदावरीबाईंनी, हळदीची गाणी म्हणायला बेबीला बोलावणं धाडलं. ती नाही म्हणाली.

‘‘पुंडलिकरावाच्या शब्दावर आपल्याले तलावाच्या मासोळीचा ठेका भेटते,’’ बुधराम म्हणाला. ‘‘नाही कसं म्हणाचं?’’

ती गेली. मांडवात पेटी नव्हती, तबला नव्हता. तिनं आपल्या मनानं सूर धरला आणि गायली. हळद लावणाऱ्या बायांचे हात थांबले. ओसरीवर बसलेली माणसं मान वळवून ऐकू लागली.

गाणं संपलं तसे पुंडलिकराव म्हणाले, ‘‘बुधराम, पोरीचा आवाज सोन्यासारखा आहे गा. कॉलेजात काहून नाही टाकली?’’ त्यांना खरोखरच काही आठवत नव्हतं.

‘‘आमचंच चुकलं जी,’’ बुधरामनं हात जोडले.

कृष्णराव सर शेजारीच सुपारी कातरत होते. ती शिकली त्यांच्याकडे, म्हणून सगळे त्यांच्याकडे पाहू लागले.

‘‘आवाज आहे,’’ ते म्हणाले. ‘‘पण नशीब लागतं.’’

बेबी उठली आणि त्यांच्याकडे बघत राहिली. सगळं तोंडाशी आलं होतं. बाप अजून हात जोडूनच उभा होता.

‘‘थांबली काहून वं?’’ गोदावरीबाई पाटाजवळून म्हणाल्या. ‘‘नवरीची हळद व्हाचीच आहे.’’

पाटावर बसलेल्या निर्मलानं मान खाली घातली होती. बेबी तिच्यासमोर बसली आणि पुढचं गाणं म्हणू लागली. त्या वर्षी तलावाचा ठेका बुधरामलाच मिळाला.