खिंडीत बर्फ पाडणारी गाळणी

मित्रांनो, मी एक जुनी चहाची गाळणी आहे. पण चहाशी माझा संबंध सुटून आता नऊ वर्षं झाली. मी बर्फ पाडते. हसू नका. तुमच्या वाचनालयात दाराजवळ काचेची पेटी आहे ना, डोंगरातली खिंड, रूळ आणि छोटीशी चौकी असलेली? तिच्यातला सगळा बर्फ माझ्या जाळीतून पडला आहे. तुम्ही काचेला नाक लावून "हा खरा आहे का हो?" असं विचारता, तेव्हा मी शेजारच्याच खिळ्यावर टांगलेली असते. मला मान असती तर ती ताठ झाली असती. मला आहे दांडी, आणि ती वाकडी आहे.

माझा जन्म भांड्यांच्या एका लहानशा कारखान्यात झाला. यंत्राने तारेची जाळी विणली, तिला वाटीसारखा आकार दिला, कडेला पट्टी दाबली आणि दांडी जोडली. माझ्यासारख्या शंभरजणी एका खोक्यात होत्या. त्यांतून मला एका घड्याळजींच्या बायकोने उचललं. त्या माझ्या मालकीणबाई. दुकानात मला उजेडाकडे धरून त्या म्हणाल्या, "जाळी बारीक आहे. चालेल." आयुष्यातली ती माझी पहिली शाबासकी.

बारा वर्षं मी रोज चार वेळा चहा गाळला. बाईंचा हात मात्र जड. चोथा झटकताना त्या मला सिंकच्या कडेवर अशा आपटत, की घड्याळजी आतल्या खोलीत दचकत. त्याने माझी दांडी वाकली, जाळीला पोचा आला आणि मधोमध दोन तारा फाकल्या. त्या फटीतून चहाची पूड कपात उतरू लागली. एके दिवशी बाईंनी नवी गाळणी आणली आणि मला खणात मागे ढकललं. गरज सरो, वैद्य मरो. मला फार वाईट वाटलं होतं, ते आज कशाला लपवू?

त्याच सुमारास घड्याळजींचे थोरले भाऊ कायमचे आमच्या घरी राहायला आले. अठ्ठावीस वर्षं ते उंच खिंडीतल्या रेल्वेच्या चौकीवर राखणदार होते. रोज रुळांवरून चालायचं, बर्फ साफ करायचा आणि गाडी आली की कंदील दाखवायचा, असं त्यांचं काम. पुढे डोंगरातून बोगदा निघाला, खिंडीतली वाट बंद झाली आणि चौकी पाडून टाकली. तिचा एक फोटोसुद्धा कुणाकडे नव्हता. थोरले खिडकीशी बसून राहायचे. त्यांची नजरही अधू होत चालली होती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, "जे बघायचंय ते वर्षभरात बघून घ्या."

"काय बघायचंय तुला, दादा?" घड्याळजींनी विचारलं.

"माझी चौकी," थोरले म्हणाले. "पण ती आता कुठाय? कधीकधी वाटतं, मी तरी तिथे होतो की नाही."

चौकी कशी होती, ते घड्याळजींनी खोदून खोदून विचारून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून घड्याळांच्या टेबलावर लाकडाच्या बारीक पट्ट्या, तारेची झाडं आणि प्लॅस्टरचा डोंगर दिसू लागला. तळहातावर मावेल एवढी चौकी उभी राहिली. राहिला होता बर्फ. घड्याळजींनी उभ्या जन्मात बर्फ पाहिलेला नव्हता. त्यांनी डोंगराला पांढरा गोंद लावला, स्वयंपाकघरातून खाण्याचा सोडा पळवला आणि खणातून मला बाहेर काढलं.

"अहो, माझा सोडा कुठाय?" बाई ओरडल्या.

"खिंडीत," घड्याळजी म्हणाले.

त्या दिवशी मी पहिल्यांदा बर्फ पाडला. काय शुभ्र दिसत होता तो! मी मनातल्या मनात फुशारले. पण गोंद आणि सोडा यांचं जमत नाही, हे ना मला ठाऊक होतं ना मालकांना. चार महिन्यांत सगळी खिंड पिवळी पडली. थोरल्यांनी भिंग लावून पाहिलं आणि म्हणाले, "अरे, आमच्या खिंडीत तंगडी वर करणारी एवढी कुत्री नव्हती."

बाई हसून हसून बेजार झाल्या. घड्याळजींचा चेहरा मात्र उतरला. हातातल्या वर्षातले चार महिने वाया गेले होते.

आता ते इरेला पेटले. खरवडून डोंगर उघडा केला. काचेचे साखरेहून बारीक कण आणि संगमरवराची भुकटी आणली, नाकाला फडकं बांधलं आणि नवी, अतिबारीक जाळीची चाळणीही आणली. त्या नवीबाईंच्या हातून बर्फ पडला तो अगदी एकसारखा, कुणी पावडरचा डबा उपडा केल्यासारखा. घड्याळजींनी नाक मुरडलं आणि पुन्हा माझ्याकडे वळले. फाकलेल्या तारांमधून माझे बारीक कण पडता पडता मध्येच एखादं मोठं ढेकूळ पडायचं. झाडाच्या फांदीवर ते बसलं, की फांदी खरोखर वाकल्यासारखी वाटायची. ज्या फटीपायी माझी नोकरी गेली, तिनेच मला दुसरी मिळवून दिली.

कामाची रीतही त्यांनी हळूहळू शोधली. आधी साबणाचा एक थेंब घातलेलं पाणी फवारायचं, म्हणजे गोंद नीट पसरतो. मग पातळ गोंद. मग मला हातभर उंच धरून दांडीवर बोटाने टिचकी मारायची. हलवायचं नाही, नुसती टिचकी. एक पातळ थर वाळला की दुसरा. सहा दिवसांत सहा थर झाले. नवी चाळणी तेव्हा खणात होती, माझ्या जुन्या जागी. तिची मला थोडी दया आली, पण थोडीच.

थोरल्यांना टेबलाशी आणलं. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं. एव्हाना त्यांना फक्त मधलं थोडंसं दिसत होतं, म्हणून ते बोट बोट पुढे सरकत पाहत होते. रूळ पाहिले, झाडं पाहिली. "बर्फ अगदी तसाच आहे," ते म्हणाले. मग चौकीच्या छपरावर थांबले आणि भिंग खाली ठेवलं.

"ही माझी चौकी नाही."

"का रे दादा? तू सांगितलंस तश्शीच तर आहे."

"धुरांड्याभोवती बर्फ साचलाय. म्हणजे आत विस्तव नाही. दारासमोर एक पाऊल नाही. या घरात कुणी राहत नाही." त्यांचा आवाज बदलला. "अठ्ठावीस वर्षं, अरे. एक दिवस मी शेगडी विझू दिली नाही. गाडीतल्या माणसांना लांबून दिसायचं ना, की इथे कुणीतरी जागं आहे."

मी टेबलावर पडले होते आणि मला लाज वाटली. इतका बर्फ पाडण्याच्या नादात आम्ही माणूसच गाडून टाकला होता.

घड्याळजींनी छपराचा आणि दारासमोरचा बर्फ पुन्हा खरवडला. "पाडायचं शिकलो, कुठे पाडायचं नाही ते शिकायचं राहिलं," ते बाईंना म्हणाले. बाईंनी शिवणाच्या डब्यातली बोटात घालायची टोपी आणली आणि धुरांड्यावर उपडी ठेवली. माझ्यावर टिचक्या पडल्या, टोपीभोवती बर्फ साचला. टोपी उचलली तर खाली कंपासने काढल्यासारखं गोल.

"हे वितळलेलं वाटत नाही, झाकण ठेवल्यासारखं वाटतंय," बाई म्हणाल्या. आजवर आपटआपट आपटणारा तो जड हात, पण त्याच हाताने त्यांनी ओला कुंचला घेतला आणि गोलाची कड इकडे थोडी, तिकडे जास्त पुसून काढली. उघड्या छपरावर घड्याळजींनी व्हार्निशचा हात दिला, म्हणजे ते ओलं दिसावं. मग दारासमोर माझ्याकडून नवा पातळ थर पाडून घेतला आणि गोंद वाळायच्या आत काडीच्या टोकाने दारापासून रुळापर्यंत पावलं उमटवली. सरळ नाही. थोरल्यांनी सांगितलं होतं, वाटेत एक दगड होता आणि ते रोज त्याला डावीकडून वळसा घालत.

थोरले पुन्हा टेबलाशी आले, तेव्हा डॉक्टरांनी दिलेल्या वर्षातले तीन आठवडे उरले होते. भिंग रुळावरून पावलांवर आलं, दगडाला डावीकडून वळलं, दाराशी आलं आणि छपरावर चढलं. तिथे ते बराच वेळ थांबलं. मग त्यांनी भिंग बाजूला ठेवलं आणि दोन्ही तळहात धुरांड्यावर धरले, शेकायला धरतात तसे.

"हं," ते म्हणाले. "पेटलीय."

पुढे त्यांची नजर पूर्ण गेली. तरी रोज सकाळी ते टेबलाशी येऊन हात शेकून जायचे. ते वारल्यावर घड्याळजींनी ती खिंड तुमच्या वाचनालयाला दिली, आणि बाईंनी हट्टाने मलाही. "बर्फ हिने पाडलाय," त्या ग्रंथपालांना म्हणाल्या. "हिलाही टांगा." ही माझ्या आयुष्यातली दुसरी शाबासकी. तिसरीची मला गरज वाटत नाही.

तर मित्रांनो, घरातलं एखादं फाटकंतुटकं भांडं फेकण्याआधी घडीभर थांबा. जे काम त्याला येईनासं झालं, ते सोडून दुसरं काय येतं, ते बघा. मला वर्षातून एकदा खाली काढून कोमट पाण्याने धुवा, कारण तारांत अजून थोडा गोंद आहे. आणि पुढच्या वेळी काचेला नाक लावाल, तेव्हा झाडांवरच्या बर्फाचं कौतुक करून झालं की जरा धुरांड्याकडेही बघा. तिथे हाताच्या नखाएवढी जागा उघडी आहे. सगळ्या खिंडीत मी बर्फ पाडला, पण मला खरा अभिमान आहे तो त्या जागेचा.