तिसऱ्या अंकातला गळा

दर रविवारी संध्याकाळी नवं नाटक, आणि तेही थेट. मँचेस्टरच्या त्या टीव्ही स्टुडिओत धर्म एकच होता: आभाळ कोसळलं तरी नाटक थांबवायचं नाही.

नटी मोइरा नाटक थेट दिसणार या भरवशावरच कामाला आली. शनिवारी तिनं नवऱ्याला, डेसमंडला, तोंडावर सांगून टाकलं होतं की नाटक झालं की मी बोल्टनला बहिणीकडे जाणार, परत यायची नाही. आणि या आठवड्याच्या नाटकात नवराबायको हेच दोघं. तिसऱ्या अंकात वॉल्टर, म्हणजे डेसमंडचं पात्र, स्वयंपाकघरात बायकोचा गळा दाबतो. बदली नट मिळायला वेळ नव्हता. अर्ध्या देशासमोर हा काय वाकडं करणार, असं तिला वाटलं. बाई शहाणी, पण नवऱ्याला ओळखण्यात तिथंच चुकली.

ती तोंडाला रंग लावत असताना तो खुर्चीमागे येऊन उभा राहिला. "घाबरतेस की काय, राणी?" तोंडात नुसती साखर. "तालमीत धरायचो तसंच धरीन."

तिसरा अंक आला, आणि त्यानं तसं धरलं नाही. दोन्ही अंगठे थेट नरड्यात रुतले. तिचं डोकं त्यानं बेसिनच्या काठावर आपटलं, मग पुन्हा आपटलं. दात जिभेत घुसले आणि तोंड रक्तानं भरलं. तिनं त्याच्या मनगटांची कातडी नखांनी सोलून काढली, तरी पकड ढिली होईना. "बहिणीकडे जायचंय ना," तो तिच्या कानाशी पुटपुटला, "जा आता."

"डेसमंड, सोड," ती कशीबशी म्हणाली. "कुणीतरी सोडवा मला."

सेटच्या कडेला एनिड बसायची. मांडीवर संहिता, बोटाखाली बटन. नट ओळ विसरला की बटन दाबायचं, घरोघरचा आवाज बंद पडतो, तेवढ्यात ओळ सांगून टाकायची. नाटकात डेसमंड नावाचं कुणीच नाही. ते नाव कानावर पडताच एनिडनं बटन दाबलं आणि मायेनं कुजबुजली, "'वॉल्टर, मला माफ कर.' हं, बोल पोरी."

मेल्यांनो, डोळे फुटले होते का तुमचे? कॅमेरा आणखी जवळ सरकला. सेटवर खुणा करून नाटक चालवणाऱ्या फ्लोअर मॅनेजरनं खूश होऊन अंगठा दाखवला. इतकं जिवंत काम त्यांनी कधी पाहिलं नव्हतं म्हणे.

मोइराच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. खरं बोललं की ही माणसं ओळ सांगतात, एवढं तिला तशातही उमगलं. म्हणजे बोलायचं तर नाटकातलंच. दाराबाहेर म्हातारा पर्सी उभा होता, शेजाऱ्याच्या वेषात, दुधाचा जाडजूड जग घेऊन. खून झाल्यावर वॉल्टर म्हणणार, "या, दार उघडंच आहे," आणि पर्सी आत येणार. उभ्या जन्मात त्यानं प्रवेश चुकवला नव्हता. उरलासुरला श्वास गोळा करून मोइरानं नवऱ्याचं वाक्य म्हटलं.

पर्सी आला. "काय वॉल्टर, बाई दिसत नाहीत?" हे ठरलेलं वाक्यही म्हणाला, हाडात मुरलेली सवय ती. मग त्याला तिचं निळं पडलेलं तोंड दिसलं, हनुवटीवरून गळणारं रक्त दिसलं. त्यानं जग दोन्ही हातांनी उचलला आणि डेसमंडच्या टाळक्यात घातला. पहिल्या घावाला तो हलला नाही. दुसऱ्या घावाला जगही फुटला आणि टाळकंही. दूध न् रक्त एक होऊन फरशीवर पसरलं आणि डेसमंड त्यात तोंडघशी पडला.

कॅमेरे चालूच. फ्लोअर मॅनेजरनं बोट हवेत गोल फिरवलं, म्हणजे पुढे चला. मोइरा बेसिनला धरून उठायला लागली, तशी एनिडनं पुन्हा बटन दाबलं.

"अगं, उठतेस काय? तू मेलीयस. पडून राहा."

मोइरा उठली. खापऱ्या तुडवत, कॅमेऱ्यासमोरून सरळ एनिडपाशी गेली. माइकवाल्यानं नकळत दांडी तिच्या मागोमाग फिरवली. तिनं एनिडचं मनगट धरून बटनावरून उचललं.

"मेले नाही मी," ती फाटक्या आवाजात म्हणाली. "हा माझा नवरा, डेसमंड. आत्ता माझा जीव घेत होता, आणि तुम्ही सगळे बघत बसला होतात."

तेवढं मात्र घराघरात ऐकू गेलं.