अठराव्या आकड्याला

चपलेतून खिळा टाचेत घुसला आणि बद्रीनाथ तो खिळा घेऊन पिशोरच्या बाजारात दिवसभर हिंडला. संध्याकाळी ओट्यावर रक्ताचे ठसे दिसले तेव्हा सून आशानं त्याचा पाय धरून खिळा उपटला. तेव्हाही त्याला काही कळलं नाही. "ड्रायव्हरची कातडी हाय, म्हशीवाणी," तो म्हणाला. आशा हसली नाही. त्याच्या जीपमधून रोज अकरा पोरं कन्नडच्या शाळेत जात, आणि त्यात तिची सुगंधाही होती.

"मामा, शहरातल्या डॉक्टरला पाय दावा. त्यो व्हय म्हणला तर खुशाल जीप चालवा. नाय म्हणला तर चावी माझ्याकडं द्या." एवढं बोलून तिनं नऊ वर्षांच्या सुगंधाला सोबत धाडलं. पोर खोटं बोलत नाही याची तिला खात्री होती. सासऱ्याची तेवढी नव्हती.

बद्रीनाथ बत्तीस वर्षं अनवाणी पायानं गाडी चालवत आला होता. चपला सीटखाली सरकवायच्या आणि तळवा पॅडलवर टेकवायचा. इंजिनाची थरथर गुडघ्यापर्यंत चढली की कुठला नट ढिला आहे ते तो बॉनेट न उघडता सांगे, आणि त्या पैजेवर त्यानं आजवर कितीतरी चहा उकळले होते. दिवाळीपासून ती थरथर गेली. पाय ब्रेकवर आहे की बाजूला, हे आता मान खाली घालून बघावं लागे. पुलाआधीच्या उतारावरसुद्धा. हे त्यानं कुणाला म्हणजे कुणाला सांगितलं नव्हतं.

औरंगाबादेत डॉक्टरांनी चिमट्यासारखा दोन दांड्यांचा एक पोलादी काटा काढला. "हा वाजवला की थरथरतो. अंगठ्यावर ठेवतो. डोळे मिटायचे आणि थरथर थांबली की सांगायचं. आधी तुमच्या नातीला करून दाखवू."

सुगंधानं डोळे घट्ट मिटले. काटा टेकताच ती खुदकन हसली. "येतंय... आजून येतंय..."

बद्रीनाथ मनात आकडे मोजत होता. अठराला ती म्हणाली, "थांबलं." अठरा, एवढंच ध्यानात ठेवायचं होतं. लबाडी सोपी निघाली म्हणून त्याला बरंच वाटलं.

त्याची पाळी आली. टण्ण आवाज झाला. मग काहीच नाही. अंगठा कुणा दुसऱ्याचा असावा तसा पडून होता.

"कळतंय?"

"व्हय, लई कळतंय." तो मोजत राहिला आणि अठराला म्हणाला, "थांबलं."

डॉक्टर म्हणाले, "पुन्हा एकदा करू."

परत टण्ण झालं. बद्रीनाथनं मोजायला सुरुवात केली. अकरापाशी त्याला जीपमधली पोरं आठवली आणि आकडा चुकता चुकता राहिला. सोळा, सतरा, अठरा.

"थांबलं."

मग सुगंधाचा आवाज आला. "आबा, काटा तर टेबलावर हाय."

त्यानं डोळे उघडले. काटा खरंच टेबलावर, कागदांच्या गठ्ठ्यावर पडला होता. बद्रीनाथला जमिनीत जावंसं वाटलं.

"लहान मुलाला जेवढा वेळ कळतं तेवढा वेळ तुमच्या वयात सहसा कळत नाही," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही नातीइतकंच सांगितलंत तिथं मला शंका आली. थोडं कमी सांगितलं असतंत तर कदाचित मी फसलो असतो. ब्रेक कुठल्या पायानं दाबता?"

"उजव्या."

"तोच हा पाय. गाडी बंद करा."

बाहेर लिंबाखाली जीप उभी होती. सुगंधा सवयीनं पुढच्या सीटवर चढून बसली. आता एवढी घरापर्यंतची शेवटची खेप मारू, बद्रीनाथनं स्वतःची समजूत घातली. त्यानं चपला काढल्या, चावी लावली, पाय पॅडलकडे नेला आणि मान खाली घालून बघितलं. शेजारी सुगंधाही वाकली.

"काय बघता, आबा? रोज बघता तुमी."

त्याचा हात चावीवरच थांबला. त्यानं चावी काढली, चपला घातल्या आणि नातीचा हात धरून तो बस स्टँडची वाट चालू लागला.

कन्नडच्या एसटीत जागा मिळाली ती नेमकी मागच्या चाकावर. गाडी सुरू झाली तशी सुगंधानं चपला काढून पाय पत्र्यावर टेकवले. "लई गुदगुल्या व्हतात, आबा. तुमाला व्हतात का?"

बद्रीनाथनं आपला उजवा पाय तिच्या पायाशेजारी टेकवला. या वेळी त्यानं काहीच मोजलं नाही.

"नाय," तो म्हणाला. "दिवाळीपासून नाय."

सुगंधा बराच वेळ त्याच्या पायाकडे बघत राहिली. दिवाळीपासून रोज ती त्याच्या शेजारी बसून शाळेत गेली होती. मग तिनं त्याची मूठ उघडली, चावी काढून घेतली आणि गावात उतरेपर्यंत ती परत दिली नाही.