माडवेळचे पाच तारे

“सर, तो ‘धोकादायक’ शब्द काढा ना,” ॲपच्या पुण्यातल्या कार्यालयातून कुलदीप फोनवर म्हणाला. “निगेटिव्ह वाटतं. ‘थरारक’ करा.”

धम्मरत्नने शब्द बदलला. गच्चीवर देऊळगाव राजाची पहाट उगवत होती. बालाजीची यात्रा आटोपून बरेच दिवस झाले होते, तरी आकाशपाळण्याचा सांगाडा अजून कोणी उतरवला नव्हता. त्याच्या मांडीवर लॅपटॉप होता आणि लॅपटॉपमध्ये, त्याने आयुष्यात कधीही न पाहिलेला, अरबी समुद्र.

“आणि तारे?”

“पाच.”

“क्या बात है! सीझनमधले पहिले पाच. टाका, टाका.”

धम्मरत्नने पाच तारे टाकले. खाली मजकूर लिहिला: ‘दोस्तांनो, आज माडवेळला दर्या रंगात आलाय. वारा नाही, पाणी काचेसारखं आणि दूर दक्षिणेतून आलेल्या उंच, थरारक लाटा. फळी उचला आणि निघा! तुमचाच, बाबल.’

बाबल नावाचा कोणी मनुष्य नव्हता. ‘दर्यादोस्त’ या ॲपवर त्याचे छायाचित्र होते: उघडे अंग, खांद्यावर फळी, विकत घेतलेले हसू. कोकणातल्या माडवेळ नावाच्या किनाऱ्यावरून बाबल रोज समुद्राचे भाकीत सांगत असे आणि ते भाकीत बुलढाणा जिल्ह्यातल्या एका गच्चीवर, भूगोलात डॉक्टरेट मिळवलेला, पंचेचाळिशीतला एक गृहस्थ लिहीत असे. ॲप होते सर्फरांसाठी, म्हणजे फळीवर उभे राहून फुटत्या लाटेवरून घसरत येण्याला जे जीवनाचे प्रयोजन मानतात त्यांच्यासाठी. लाट जितकी उंच आणि दांडगी, तितके तारे अधिक. एक तारा म्हणजे समुद्र तळ्यासारखा निवांत, अर्थात सर्फरच्या दृष्टीने निरुपयोगी.

हे सर्व इंग्रजीत सुरळीत चालले होते. मग मालकांना मातृभाषेचा उमाळा आला आणि मराठी आवृत्ती निघाली. सर्फर मराठी आवृत्ती वाचत नसत. एकदा कुलदीपनेच आनंदाने सांगितले होते, “सर, गंमत बघा, मराठीचे सगळे व्ह्यूज जालना, अकोला, वाशीम आणि तुमच्या बुलढाण्यातून येतायत! ट्रिपवाले सगळे. रिसॉर्टच्या जाहिराती नुसत्या धावतायत.”

“मग खाली एक ओळ टाकू या,” धम्मरत्न म्हणाला होता. “ज्यांना पोहता येत नाही त्यांनी पाच तारे असतील त्या दिवशी पाण्यात उतरू नये.”

“अहो, रिसॉर्टवाले पैसे पाण्यात उतरण्याचे देतात.”

धम्मरत्नने दुसऱ्यांदा सांगितले नाही. अडाण्याला समजावण्याचा हुरूप त्याच्यात एके काळी होता. तो गावातल्या शिक्षणसंस्थेने संपवला होता. तिच्या महाविद्यालयात भूगोलाची राखीव जागा दर दोन-तीन वर्षांनी जाहीर होई, तो मुलाखतीस बसे आणि संस्थेचे अध्यक्ष माणिकराव ‘योग्य उमेदवार आढळला नाही’ या शेऱ्याखाली सही करत. नंतर त्याच न आढळलेल्या उमेदवाराला तोच विषय तासिका तत्त्वावर शिकवण्यासाठी बोलावणे येई. असा मनुष्य हळूहळू दोनच गोष्टींत निष्णात होतो: आपल्या विषयात आणि तुच्छतेत. कुलदीपशी झालेले ते बोलणे संपवून तो समताला, म्हणजे बायकोला, म्हणाला होता, “समुद्राचे तारे हॉटेलच्या ताऱ्यांसारखे मोजणाऱ्याला समुद्रानंच काय ते वाढावं.” वाक्य त्याला आवडले होते. समता भाजी निवडत होती. ती म्हणाली होती, “असं बोलू नये. लोकं आहेत ते.”

समता त्याच संस्थेच्या शाळेत शिक्षिका होती, आणि कायम होती. परवा संध्याकाळी ती मुलीला, सातवीतल्या मयुरीला, घेऊन संस्थेच्या शिक्षकांच्या सहकुटुंब सहलीला गेली होती. सहल ऐच्छिक होती. न येणाऱ्यांशी अध्यक्षसाहेब स्वतः बोलणार होते, एवढेच. तासिकेवाल्यांना निमंत्रण नव्हते. बस कोल्हापूरला जाऊन, देवदर्शन आणि चपलांची खरेदी उरकून आज परत निघायची होती.

तो चहा गाळत असताना समताचा फोन आला. मागे बसचा आणि अंताक्षरीचा आवाज.

“अहो, कोल्हापूर मागं पडलं. आम्ही खाली कोकणात जाऊन राह्यलो.”

“काऊन? कोल्हापूरच ठरलं होतं ना?”

“साहेबांनी बदललं. त्यांच्या फोनवर काहीतरी आलं म्हणे पहाटं. आजचा दिवस समुद्राले एकदम फस्कलास आहे म्हणे, पाच तारे.” तिने आवाज खाली आणला. “माडवेळ. ते तुमचंच गाव ना हो, तुम्ही लिहिता ते?”

चहा ओट्यावर सांडला.

“समता, नीट ऐक. पाण्यात जायचं नाही. तूही नाही, मयुरीही नाही. वरून समुद्र शांत दिसंल. वारा नसंल. पाच-सहा लाटा लहान येतील, सगळे पुढं सरकतील, मग एक अशी येईल की मागं वळायला वेळ राहणार नाही.”

“मी नाही जात हो. पर साहेबांनी सगळ्या लेकरांले लाटेत उभं करून फोटो काढायचं ठरवलंय. वर्तमानपत्रात द्यायचा आहे. मयुरी पुढच्या रांगेत आहे, उंचीनं लहान म्हणून.”

“त्यांना सांग.”

“मी काय सांगू? मागं एकदा बोलले होते, तर वर्षभर तिसऱ्या मजल्यावरचा वर्ग दिला. तुम्हीच बोला, देते.”

माणिकरावांचा आवाज आला. माईक नसतानाही माईकवरचा वाटावा असा.

“बोला प्राध्यापक! तुम्ही आले नाही काऊन? अरे हो, तुम्ही आपले तासावाले. बोला.”

“साहेब, आज माडवेळच्या पाण्यात कोणालाही उतरवू नका. लांबून मोठी लाट येते आहे.”

“कोण म्हणते? इथं तर पाच तारे हायेत. पाच! आपल्या जिल्ह्यात एका हॉटेलले नाहीत तेवढे.”

“ते तारे सर्फिंगवाल्यांसाठी असतात, साहेब. लाट जितकी घातक, तितके तारे जास्त.”

“असं कुठं असते का? खराब मालाले जास्त मार्क?” शेजारचे दोघे-तिघे कर्तव्यबुद्धीने हसले. “तुम्ही कधी गेले होते समुद्रावर?”

“नाही.”

“मंग?”

“साहेब, ते भाकीत मीच लिहितो.”

पलीकडे सगळी बस हसली. माणिकरावांनी फोन कानापासून दूर धरून सर्वांना वाटणी करावी तशी ती बातमी वाटली होती. “ऐकलं का? आपले प्राध्यापक देऊळगावातून समुद्र चालवतात! अहो, इथं त्या बाबलचा फोटो आहे, कोळ्याचा पोरगा. तुमचं अंग तरी दिसते का तसं? ठेवा, ठेवा. घाट लागला.”

फोन बंद झाला. धम्मरत्नने समताला पुन्हा लावला, तिसऱ्यांदा लावला. घाटाने आवाज गिळला होता.

तो गच्चीवर गेला. त्याच्या मनात प्रथम संताप आला, तो नेहमीचाच होता आणि निरुपयोगी होता. मग त्याच्या ध्यानात आले की, या क्षणी पृथ्वीवर माणिकराव ज्याचे ऐकतील असा एकच मनुष्य आहे. त्याच्याकडे डॉक्टरेट नाही, त्याला आडनाव नाही, तो जन्मलेलाही नाही. त्याच्याकडे फळी आहे आणि हसू आहे.

धम्मरत्नने लॅपटॉप उघडला. या कामाचा त्याला कितीही तिटकारा असला तरी त्यात त्याने आजवर एक असत्य अक्षर लिहिले नव्हते. वारा, लाटेची उंची, दोन लाटांमधले अंतर, सगळे तपासून, तोलून. तो त्याचा एकमेव माज होता. त्याने पाच तारे पुसले आणि एक ठेवला.

आता मजकूर. ‘जीव जाईल’ असे लिहिणे सोपे होते. पण माणिकरावांना तो ओळखून होता. जीव जातो तो दुसऱ्याचा, अशी त्या माणसाची आयुष्यभराची समजूत होती आणि आजवर तिला तडा जाण्याचे कारण घडले नव्हते. समुद्राला ते भिणार नव्हते. मग ते कशाला भीत असत? धम्मरत्नच्या डोळ्यांपुढे खादीचा तो सदरा आला. झेंडावंदनाच्या दिवशी चिखलाचा एक थेंब उडाला म्हणून ज्या सदऱ्यापायी एका शिपायाची बदली झाली होती, तो पांढरा, खळ घातलेला, करकरीत सदरा.

त्याने लिहिले: ‘दोस्तांनो, ताजी खबर! आज माडवेळला एकच तारा. कुठल्याशा जहाजाचं काळं तेल किनाऱ्याला लागलंय. पाण्यात पाय टाकला की डाग, आणि पांढऱ्या कपड्यावरचा डाग जन्मात निघायचा नाही. फोटोही काळपट येतायत. आज वाळूवर लांब बसून भजी खा, पाणी उद्या. तुमचाच, बाबल.’

तेलाचा टिपूसही नव्हता. विद्यापीठात त्याच्या प्रबंधाला उत्कृष्टतेचे पारितोषिक मिळाले होते. आयुष्यातला त्याचा सर्वाधिक परिणामकारक लेख मात्र हा ठरणार होता, आणि त्यातला शब्द न् शब्द खोटा होता. जे दाबले की सगळ्यांच्या फोनवर सूचनेची घंटा वाजते ते बटण त्याने दाबले.

अर्ध्या तासात कुलदीपचा फोन आला. आज त्याला ‘सर’ म्हणण्याची आठवण राहिली नाही.

“हे काय केलंय तुम्ही? इंग्रजीत पाच तारे, मराठीत एक! रिसॉर्टवाला माझ्यावर ओरडतोय, कुठलं तेल म्हणून. आमची माणसं किनाऱ्यावर आहेत, पाणी क्लीन आहे, परफेक्ट लाटा आहेत.”

“आहेत.”

“म्हणजे तुम्ही चुकीचं भाकीत दिलंत?”

“हो. चुकीचं दिलं.”

“चूक मान्य करताय? असं कसं होतं तुमच्याकडून? थांबा, बदलतो मी.”

“संध्याकाळपर्यंत ठेवा,” धम्मरत्न म्हणाला. कुणाकडे काही मागण्याची त्याची सवय सुटली होती. आवाज त्यालाच परका वाटला. “मग मला काढून टाका. पण तोवर राहू द्या.”

“काढलंयच तुम्हाला,” कुलदीप म्हणाला.

पण कुलदीपची मराठी बोलण्यापुरती होती; मजकूर आणि तारे बदलायचे तर मराठी लिहिता येणारे कोणीतरी कार्यालयात असावे लागते, आणि दिवस रविवारचा होता. मातृभाषेचा उमाळा सोमवार ते शुक्रवार असे. तारा एकच राहिला.

समताचा फोन दिवसभर लागला नाही. तिने तो पर्समध्ये ठेवला असेल, पर्स बसमध्ये असेल, असे तो स्वतःला सांगत राहिला. रात्री संदेश आला: ‘निघालो. उद्या पोहोचू.’ त्यात ‘आम्ही’ कोण, हे नव्हते. त्याने पुन्हा फोन लावला. तो बंद होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी बस स्टँडसमोर थांबली. पहिल्यांदा माणिकराव उतरले. सदरा डागाविना होता. पायांत मात्र निळ्या रबरी सपाता होत्या, त्याही एक नंबर लहान. मागून बसचा चालक अनवाणी उतरला. त्याच्यामागून मुख्याध्यापक अनवाणी, लिपिक अनवाणी, मराठीच्या बाई अनवाणी. ऊन तापलेले होते. संस्थेचा सगळा शिक्षकवर्ग डांबरावर उड्या मारत सावली शोधू लागला.

“काय प्राध्यापक, तुमचं ते ॲप!” माणिकरावांनी त्याला गाठले. “साफ फालतू. म्हणे तेल, म्हणे डाग. पाणी कसं, आरशासारखं! उगाच वर वाळूत बसून भजे खाल्ले. चपला तेवढ्या खाली काढून ठेवल्या होत्या ओळीनं, अन् एक लाट आली, बाप्पा! साऱ्या चपला घेऊन गेली. परवाच घेतल्या होत्या, अस्सल कोल्हापुरी. तुम्हीच लिहिता म्हणे ते? मंग भरून द्या!”

सगळे हसले. धम्मरत्नही थोडे हसला. त्याचे लक्ष दाराकडे होते.

समता उतरली. तिच्यामागे मयुरी, झोपेत, केस विस्कटलेले.

समताने पिशवी त्याच्या हातात दिली आणि हळू आवाजात म्हणाली, “आमच्या शेजारी एक जीप होती, आपल्याच जिल्ह्यातली, बीबी गावाकडची. भाऊभाऊ होते दोघं. साहेब त्यांनाही म्हणाले की, पाणी खराब आहे, फोनवर आलंय. तर मोठ्यानं त्याचा फोन दाखवला. त्याच्यावर पाच होते.”

“पाच कसे? मी तर...”

“पहाटं निघताना पाहिले होते त्यांनी, फोटो काढून ठेवला होता. पुन्हा नाही उघडलं.” तिने पदराने तोंड पुसले. “धाकटा सापडला संध्याकाळी. मोठा नाही अजून.”

स्टँडवर जालन्याची बस लागली होती; वाहक गावांची नावे ओरडत होता. धम्मरत्नला समुद्राने काय वाढावे याबद्दलचे ते वाक्य आठवले, शब्दशः. समतालाही आठवत असणार. तिने त्याच्याकडे पाहिले नाही, ही तिची दया होती.

“बाबा, पाय भाजून राह्यले,” मयुरी म्हणाली.

तिच्या बोटांच्या बेचक्यांत वाळू अजून सुकून बसली होती, बारीक, पिवळसर. इकडच्या काळ्या मातीपेक्षा निराळी. त्याने आपल्या चपला काढून तिच्यापुढे सरळ करून ठेवल्या. तिने त्यांत पाय घातले. त्या फार मोठ्या होत्या. ती फटफट आवाज करत पुढे चालू लागली आणि तो तिच्यामागून, तापल्या डांबरावर उड्या न मारता, पाय पूर्ण टेकवत गेला.