रास्मीच्या गोठ्यावरची तळी

मी जात्याची एक जुनी तळी आहे. वरची. माझ्या खालची केव्हाच फुटली. ती मऊ दगडाची होती. तिच्याविषयी मी फारसं बोलत नाही.

मित्रांनो, मला पाहिलंत तर तुम्ही म्हणाल, हा तर पोटाला भोक पडलेला काळा धोंडा. म्हणा खुशाल. माणसं आणि वारा यांच्या बोलण्याला मी कधी किंमत दिलेली नाही. दोघंही येतात, गरजतात, काहीतरी मोडतात आणि निघून जातात.

शेटलंडमधलं हे आमचं शेवटचं बेट. याच्यापुढे नुसतं पाणी. झाड एकही नाही, कारण वाऱ्याला उभं काही खपत नाही. पाच घरं, सातूची चार शेतं, आणि माणसांपेक्षा शहाण्या मेंढ्या. या घरची म्हातारी ओस्ला, तिच्या आजेसासऱ्याने मला उत्तरेच्या कड्यातून काढलं आणि एक अख्खा हिवाळा टाकी लावत बसला. मधोमध भोक पाडलं, कडेला खुंट्यासाठी खळगी केली. "हिच्यासारखी तळी साऱ्या बेटावर नाही," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. ते खरंच होतं. मग त्यात कौतुक कसलं?

साठ वर्षं मी सातू दळला. ओस्ला नवी नवरी होऊन या घरात आली, तेव्हा तिचा हात माझ्या खुंट्यापर्यंत जेमतेम पोचायचा. दळताना ती गायची,

फिर गं माझ्या तळी, सातू सोनियाचा दाणा
धनी गेला दर्यावरी, त्याला सुखाने गं आणा

वारा आला दारी, त्याला बसाया नाही पाट
दळण माझं सरेना, त्याने धरावी गं वाट

मी तेव्हाही मऊ नव्हते. पण तिचा आवाज लागला, की मी हलकी फिरत असे, एवढं कबूल करते.

पुढे मोठ्या बेटावर गिरणी आली आणि पीठ पोत्यांतून येऊ लागलं. ते पीठ मी पाहिलं आहे. राखेला त्याच्यापेक्षा जास्त वास असतो. माझ्या भोकातून पेंढ्याचा पीळदार दोर ओवला गेला आणि मला गोठ्याच्या छपराला टांगलं. आमच्याकडे गवती छपरांवर दोरांचं जाळं असतं आणि दोरांच्या टोकांना दगड लोंबतात. दगड नसले, तर छप्पर समुद्रात. इतकं हे काम मोलाचं. पण घरातलं कुणी मान वर करून बघेल तर शपथ. समुद्रपक्षी तेवढे माझ्यावर घाण करत. त्यांचा निदान नेम तरी होता.

आता ओस्लाचा मुलगा रास्मी. हात वल्ह्यावर पक्का, डोकं मात्र रिकाम्या रांजणासारखं. दोन वर्षं राबून त्याने स्वतःची नवी नाव बांधली. हिवाळ्यात इथे नाव काठावर ओढून जमिनीत खणलेल्या खाचेत ठेवतात आणि वाऱ्याने उडू नये म्हणून तिच्यात दगड भरतात. मात्र पांढरी शीर असलेला दगड नावेत घालायचा नाही. घातला, तर ती नाव माणसांसकट बुडते, असं इथलं शेंबडं पोरही सांगेल. आणि आमच्या किनाऱ्यावर पाहावं तो दगड पांढऱ्या शिरेचा! बाकीचे लोक दिवसभर वाकून काळे दगड निवडतात. रास्मीला तेवढा धीर नव्हता. त्याने गोठ्याला शिडी लावली.

"अरे, छपराचे दगड काढतोस?" ओस्लाने दारातून विचारलं.

"तीनच काढतोय, आई. वायव्येकडचे. चार दिवस वारा आग्नेयेकडून येतोय. ही बाजू निवांत आहे."

"वारा काय तुझा जावई आहे, रोज त्याच दाराने यायला?"

"मग पांढरे दगड भरू नावेत? माझ्या जिवावर उठलीस की काय!"

त्याची बायको सिनी बादली घेऊन उभी होती. ती म्हणाली, "फ्लेका आज-उद्या विणार आहे, रास्मी. तिच्या डोक्यावरचं छप्पर आहे ते."

"गाय असते गोठ्यात, मी असतो समुद्रात. आधी कुणाचा विचार करायचा?"

"विचारते हं, दूध पिताना."

फ्लेका या घरातली एकुलती गाय. दूध तिचं, लोणी तिचं. ती गेली असती, तर वसंतापर्यंत या तिघांनी खारवलेला मासा आणि एकमेकांची तोंडं यांवर दिवस काढले असते. हे रास्मीला ठाऊक होतं. तरी त्याने मला खांद्यावर टाकून काठावर नेलं. तीन दिवस मी नावेत पडून होते. डांबराचा वास आणि वर आभाळ. पीठ दळलेल्या पोटावर मी कधी इतका अपमान झेलला नव्हता.

चौथ्या दिवशी दुपारी वारा अचानक थांबला. मेंढ्या उठल्या आणि दगडी भिंतीच्या दुसऱ्या अंगाला जाऊन बसल्या. रास्मी बाहेर आला, आभाळाकडे पाहून म्हणाला, "गेला एकदाचा," आणि जेवायला आत गेला. मेंढीला कळलं ते याला कळलं नाही!

मग वादळ आलं. वायव्येकडून.

वाऱ्याविषयी लोक फार भीतीने बोलतात. मला त्याची कीवसुद्धा येत नाही. त्याचं स्वतःचं असं आहेच काय? मीठ समुद्राचं, गारा ढगांच्या, आणि हुंकार आमच्याच भिंतींचा. पण उसन्या बळावर माजलेल्यांचाच त्रास जास्त. नावेतून मला चढावरचा गोठा दिसत होता. तीन मोकळे दोर चाबकासारखे फटकारत होते आणि छपराची कड उकळत्या भांड्यावरच्या झाकणासारखी उडत होती.

सिनी गुडघ्यांवर रांगत खाली आली. मागून रास्मी. ती थेट नावेत चढली आणि तिने माझ्या भोकात हात घातला.

"दगड काढलेस, तर नाव जाईल!" तिचं मनगट धरून रास्मी ओरडला.

"जाऊ दे!"

"दोन वर्षं राबलोय गं हिच्यासाठी!"

"आणि ती आत हंबरतेय, ती कुणासाठी राबली? कान उघड जरा!"

वर छपराचा एक पट्टा सोलून निघाला आणि गवत आभाळभर उडालं. रास्मीने ते पाहिलं. त्याने तिचं मनगट सोडलं, दुसरे दोन दगड पाठीवरच्या टोपलीत घातले आणि वाकून चढ चढू लागला. सिनीने मला कडेवर उभं केलं आणि ढकलत नेलं. दोनदा मी तिच्या पायावर पडले. तिने मला अशा शिव्या दिल्या, की गारांनीही ऐकून घ्यावं.

गोठ्यापाशी ओस्ला एका दोराचं टोक कमरेला गुंडाळून चिखलात बसली होती. सत्तरीची म्हातारी, माझ्या जागी! प्रत्येक झोताबरोबर वीतभर वर उचलली जात होती.

"आण गं तिला," ती सिनीला म्हणाली. "तिच्याएवढा सातू मी कुठे खाल्लाय!"

सिनीने माझ्यातून दोर ओवला, रास्मीने गाठ मारायला घेतली. तेवढ्यात खाली काठावर नाव उठली. आधी नाक, मग सारी. हवेत एकदा वळली आणि भिंतीवर आपटून तिच्या फळ्या झाल्या. तो आवाज वादळातही वेगळा ऐकू आला. रास्मीने मागे वळून पाहिलं नाही. त्याने गाठ पुरी केली, आणि मग दुसरी, आणि मग तिसरी. त्या माणसाला मी आयुष्यात एकदाच मान दिला, तो तेव्हा.

अर्ध्याहून अधिक छप्पर राहिलं. त्याच्याखाली फ्लेकाने संध्याकाळी वासरू दिलं, पायांवर डगमगणारं, कपाळावर ठिपका असलेलं. रास्मी पेंढ्यात मान खाली घालून बसला होता. ओस्लाने कोमट दुधाचा वाडगा त्याच्या हातात दिला.

"नावेत पांढरा दगड एकही नव्हता ना, बाळा?"

"नव्हता."

"मग झालं तर. पी."

आता रास्मी दुसऱ्याच्या नावेवर वल्हं मारतो आणि हाताखालचा म्हणवून घेतो. दर शरदात सातूची कापणी झाली, की शिडी लावून माझा दोर बदलतो. बदलताना माझ्याशी एक अक्षर बोलत नाही. मीही बोलत नाही. आमचं बरं चाललं आहे.

मित्रांनो, मला धुऊ-पुसू नका, माझी गाणी गाऊ नका. तुमच्या डोक्यावर कुणीतरी निमूटपणे लोंबकळत असेल, म्हणून तुम्ही कोरडे झोपता. त्याचा दोर कुजला आहे का, एवढं एखाद्या स्वच्छ, शांत, बिनकामाच्या दिवशी पाहून घ्या. वादळात काय, सगळेच वर बघतात.