डोळे वटारायची नोकरी

मित्रांनो, मी एक जुना मुखवटा आहे. माझं तोंड वाईट आहे, आणि ते मुद्दाम वाईट केलेलं आहे. बटाट्याएवढे डोळे, वर वळलेल्या मिशा, दोन सुळे आणि हनुवटीच्या खाली लोंबणारी लाल जीभ. नव्या घराला कुणाची नजर लागू नये म्हणून मला घराच्या कपाळावर टांगतात. हैदराबादेत मला दिष्टी बोम्मा म्हणतात. डोळे वटारून बघणं ही माझी नोकरी. प्रेमाने मी कुणाकडे पाहिलेलं नाही, कारण मला ते येतच नाही.

माझा जन्म गौलीगुड्यातला. जुन्या उर्दू आणि तेलुगू पेपरांचा लगदा, खळ, वरून रंग आणि त्यावर व्हार्निश. मुकुंदरावांनी मला विकत घेतलं आणि मांडीवर बसवून बसने कुकटपल्लीला आणलं. शेजारच्या माणसाने विचारलं, "क्या साब, किसकू लेके जारे?" मुकुंदराव ऐटीत म्हणाले, "घर का पहिलवान है." तेव्हापासून माझं नाव पहिलवान.

मला टांगलं तेव्हा घर म्हणजे नुसते खांब आणि वर स्लॅब. नंतर भिंती उठल्या, चुना लागला, दारापुढे अंगण झालं. पण माझं तोंड रस्त्याकडे. ज्या घराची मी राखण केली, ते घर मला कधी दिसलं नाही. मुकुंदरावांच्या पत्नी पद्मावतीकाकू अंगणात अगदी माझ्या खाली, माझी नजर पोचत नसे तिथे, अबोली लावायच्या. ती फुलली हे मला त्यांच्या बोलण्यावरून कळायचं. मुकुंदराव मात्र ऑफिसला निघाले की फाटकापाशी वळून म्हणत, "काय पहिलवान, सगळं ठीक?" माझ्याशी बोलणारा तो एकच माणूस.

मग समोरच्या रिकाम्या प्लॉटवर पुण्याचे मिलिंद आणि नीलिमा घर बांधून राहायला आले. त्यांची श्रुती तेव्हा नुकती चालायला लागली होती. पहिल्याच सकाळी ती दुडुदुडु बाहेर आली, वर बघितलं, आणि आपल्याच पायात अडकून पडली. त्या दिवसानंतर ती फाटकाबाहेर येईना. दाराशी आली की आईच्या साडीत तोंड लपवायची. मित्रांनो, त्या वेळी मला डोळे मिटता आले असते तर मी मिटले असते.

नीलिमा रस्ता ओलांडून आली.

"काकू, तुमचा तो राक्षस काढा ना. आमची मुलगी घाबरते."

"तो रस्त्याकडं बघायलाय, तुमच्याकडं नाही," पद्मावतीकाकू म्हणाल्या.

"बघायला आलाय? मग बघून झालं असेल तर जाऊ दे त्याला."

काकूंच्या मराठीत 'बघायलाय' म्हणजे 'बघतोय'. नीलिमाला ते कळलं होतं. कळून बोलली, म्हणून काकूंना जास्त लागलं.

"तुमच्या पुण्यात काळी बाहुली बांधतात दाराला. ती काय लई देखणी असते?"

"ती निदान लहान असते. आणि शुद्ध बोलणाऱ्यांच्या घरी असते."

संपलं. गल्लीत मराठी बोलणारी दोनच घरं, आणि त्यांचं बोलणं बंद झालं.

पुढे जे झालं ते रंगांनी आणि झाडांनी झालं. तोवर घराला दोनच रंग माहीत होते, चुना आणि नीळ घातलेला चुना. आता दुकानात शेडकार्ड मिळू लागलं होतं, पत्त्यांच्या कॅटासारखं उलगडणारं. पद्मावतीकाकूंनी घर पिवळं केलं. नीलिमाने लॉन लावलं. काकूंनी लॉनकडे बघून मुकुंदरावांना मोठ्याने सांगितलं, "नळाला पाणी नाही आणि लोक गवताला आंघोळ घालायलेत." लॉन उन्हाळ्यात जळलं. मग नीलिमाने कुंपणाला लागून अशोकाची रांग लावली, मी दिसू नये म्हणून. पण अशोकाला वाढायला वेळ लागतो आणि मी उंचावर होतो.

शेवटी नीलिमाने घराचा पुढचा भाग रंगवायला काढला. रंग आकाशी ठरला होता. पण त्या सकाळी ठेकेदार आलाच नाही, एक नवाच रंगारी आला. त्याला तेलुगू सोडून काही येत नव्हतं. नीलिमाला हिमायतनगरला पडदे आणायला जायची घाई होती. श्रुती कडेवर चुळबुळत होती.

"अम्मा, तेल्ल रंगेना?" रंगाऱ्याने विचारलं.

"हो, तेलरंगच. पावसात टिकला पाहिजे."

"मोत्तम तेल्ल?"

"मोठं छोटं काही नाही. सगळीकडे तेलरंग."

मित्रांनो, तेलुगूत तेल्ल म्हणजे पांढरा आणि मोत्तम म्हणजे सगळा. पद्मावतीकाकू त्या वेळी फाटकाशी झाडांना पाणी घालत होत्या. त्यांचा जन्म या शहरात गेला. त्यांनी सगळं ऐकलं, त्यांना सगळं कळलं, आणि पाणी घालून त्या आत गेल्या. जाताना माझ्याकडे बघून हसल्या. त्या माझ्याकडे बघून हसलेल्या मी प्रथमच पाहत होतो. मला ते आवडलं नाही.

संध्याकाळी नीलिमा परतली तेव्हा घर पायापासून गच्चीपर्यंत पांढरं झालं होतं. ती रिक्षातून उतरली आणि तशीच उभी राहिली. पण नेमके गल्लीतले लोक जमले. कुणी म्हणालं संगमरवर वाटतोय, कुणी म्हणालं सिनेमातला बंगला. नीलिमाने पडद्यांची पिशवी सावरली आणि म्हणाली, "मुद्दामच पांढरा घेतला. उठून दिसतो."

आता गंमत ऐका. ते पांढरं घर दुपारी उन्हात असं चमकायचं की काकूंच्या अंगणात बसवेना. माझे डोळे दिपत, जिभेचा लाल रंग विटत चालला. आणि काकूंचा मुलगा ओमकार नव्या कॉम्प्युटर कंपनीत नोकरीला लागला होता. त्याचे मित्र घरी येत आणि समोरच्या घराकडेच बघत राहत. एक दिवस तो म्हणाला, "आई, आपलं एलिव्हेशन एकदम जुनाट दिसतं. सगळं बदलू."

त्याने पुढच्या भिंतीला दगडी टाइल्स लावल्या, वर मातकट रंगाचा खरबरीत लेप दिला, खाली पाम लावले.

"आणि हे थोबाड काढा," तो गवंड्याला म्हणाला. "सगळा लूक घालवतंय."

"राहू दे रे त्याला," काकू म्हणाल्या.

"आई, तुला समोरच्यांसारखं घर पाहिजे की नको?"

समोरचं घर पांढरं कसं झालं, हे काकू मुलाला कशा सांगणार होत्या? मुकुंदराव आता निवृत्त झाले होते. ते खुर्चीत बसून होते, त्यांनी पेपर वर केला तो खाली केलाच नाही.

मला फाटकाबाहेरच्या विटांच्या ढिगावर टाकलं, उपडं. आयुष्यात पहिल्यांदा माझी पाठ आभाळाकडे होती. तिथे श्रुती आली. ती आता शाळेत जात होती, पण माझ्यासमोरून अजून पळतच जायची. पाठीवरून तिने मला ओळखलं नाही. वाकून बघितलं.

"आई, यात पेपर आहे. उर्दूपण आहे." तिने मला उलटं केलं. मी होतो तसाच होतो, डोळे वटारून. ती दचकली, पुन्हा पाठ बघितली, पुन्हा तोंड बघितलं. मग हसली. "आई, हा आतून नुसता पेपर आहे."

नीलिमा श्रुतीला न्यायला आली होती. तिने माझ्याकडे बघितलं, मग समोरच्या नव्या टाइल्सकडे. श्रुतीने शाळेत तेलुगू रंग शिकल्यावर एकदा जेवताना सहज सांगितलं होतं, "आई, तेल्ल म्हणजे पांढरं." तेव्हा नीलिमाला ती सकाळ आठवली होती, आणि फाटकाशी पाणी घालणाऱ्या काकूही. तो राग तिने जपून ठेवला होता, हे मला पुढे तिच्याच बोलण्यातून कळलं.

"चल, याला आपल्याकडे लावू," ती म्हणाली. "कळू दे त्यांना, रोज कुणीतरी डोळे वटारल्यावर कसं वाटतं ते."

तिने स्वतः स्टुलावर चढून मला पांढऱ्या भिंतीवर खिळ्याला अडकवलं. तोंड समोर.

सकाळी दार उघडून काकू बाहेर आल्या आणि थबकल्या. नीलिमा मुद्दाम अंगण झाडत होती.

"जीभ विटलीय त्याची," काकू म्हणाल्या. इतक्या वर्षांनी पहिलं वाक्य. "रंगवायला पायजे."

"कशाने रंगवू काकू? तेलरंगाने, की तेल्ल रंगाने?"

काकूंचा चेहरा पडला. तेवढ्यात मागून खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मुकुंदराव उठून फाटकापर्यंत आले, कपाळावर हाताचा आडोसा धरून त्यांनी वर बघितलं आणि म्हणाले, "काय पहिलवान, सगळं ठीक?"

नीलिमाने झाडू खाली ठेवला. "घ्या," ती पुटपुटली, "यांना तर आनंदच झाला." पण मला काढलं नाही. श्रुती फाटक उघडून बाहेर आली आणि माझ्यासारखे डोळे करून मुकुंदरावांना दाखवू लागली.

मित्रांनो, घराला रंग द्या, झाडं लावा, दार देखणं करा. फक्त घरातलं एखादं थोबाड वाईट दिसलं तर फेकण्याआधी त्याची पाठ बघा. ते कुणासाठी तसं झालं ते विचारा.

मी अजून त्याच खिळ्यावर आहे. टाइल्स दिसतात, पाम दिसतात, आणि पामांच्या मागे, कुणी उपटायची विसरलेली अबोली दिसते. ती केशरी असते हे मला इथे आल्यावर कळलं. ज्या घरासाठी मी सगळ्या जगावर डोळे वटारले, ते घर आता दिवसभर माझ्यासमोर आहे, आणि मी त्याच्याकडेही डोळे वटारूनच बघतो आहे.